तलावांच्या मुलुखांतील एक वळसा

इंग्लंडच्या वायव्येस सरोवरांचा एक प्रदेश आहे. कवींनीं त्याचें वर्णन केलें आणि त्या वर्णनामुळें जगभरचे प्रवासी तेथें जाऊं लागले. तेथील सरोवरें मनुष्यानें केलेलीं नव्हेत. हिमयुगांत हिमनद्यांनीं दऱ्या खोल कोरल्या आणि पुढें त्यांत पाणी सांचलें. महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेस, वैनगंगेच्या खोऱ्यांत, असाच एक सरोवरांचा प्रदेश आहे. परंतु त्याची जन्मकथा नेमकी उलट आहे. भंडाऱ्याचीं तळीं निसर्गानें दिलेलीं नाहींत. तीं कुदळीनें खणलेलीं, टोपलीनें वाहिलेल्या मातीचीं आणि मनुष्याच्या पाठीवरील घामाचीं आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी विश्वकोशांत या जिल्ह्यांतील लहानमोठ्या तलावांची संख्या ३,६४८ दिलेली आहे, आणि त्यास 'नागपूरचा सरोवरप्रदेश' असें म्हटलें आहे.

त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यांत आजचा गोंदिया जिल्हाहि होता. १ मे १९९९ रोजीं तो निराळा झाला. सीमा कागदावर पडली, पण पाण्यास ती ठाऊक नाहीं. म्हणून हा मुलूख ज्यास पाहावयाचा आहे, त्यानें दोन्ही जिल्ह्यांतून जाणारा एक वळसा घ्यावा. भंडाऱ्याहून निघून लाखनी, साकोली, सौंदड व कोहमारा या वाटेनें नवेगांवबांध गांठावें. तेथून अर्जुनी मोरगांव, प्रतापगड व इटियाडोह पाहून लाखांदूर, पवनी आणि अड्याळ या मार्गानें पुन्हा भंडाऱ्यास यावें. मोटार असल्यास हा फेरा एका दिवसांत होतो. परंतु ज्यास तळीं पाहावयाचीं आहेत, केवळ मैलाचे दगड मोजावयाचे नाहींत, त्यानें नवेगांवबांधास एक रात्र काढावी.

भंडारा शहर वैनगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. पितळेच्या भांड्यांविषयीं त्याची ख्याति फार जुनी. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनीं स्वयंपाकघरें काबीज केल्यापासून कासारांच्या आळींतील ठोक्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाहीं, तरी 'भंडाऱ्याचें पितळ' हा शब्दप्रयोग विदर्भांत अद्याप जिवंत आहे. शहर सोडून पूर्वेकडे निघालें, म्हणजे कारध्याजवळ वैनगंगा ओलांडावी लागते. नदी येथें रुंद व संथ आहे. पलीकडे गेल्यावर थोड्याच वेळांत प्रवाशाच्या ध्यानांत येतें कीं, आपण निराळ्या देशांत आलों. नागपुराकडील काळी जमीन, कापूस आणि तूर मागें पडलीं. आतां रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लहान लहान बांधांनीं चौकोन पाडलेलीं भातखाचरें आहेत. इकडे भातास 'धान' म्हणतात, भातखाचरास 'बांधी' म्हणतात, आणि आषाढांतील लावणीस 'रोवणी'. पावसाळ्यांत येथून जाणाऱ्यास बायकांच्या रांगा गुडघाभर चिखलांत वांकून पऱ्हे रोवतांना दिसतील. या सबंध पूर्व विदर्भाच्या वनप्रदेशास लोक 'झाडीपट्टी' म्हणतात. तिची बोली वेगळी, तिचीं दंडारीसारखीं नाट्यें वेगळीं, आणि तिच्या जीवनाचें सूत्र एकच, तें म्हणजे धान.

येथें एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. या भागांत वर्षास सरासरी सुमारें १,३०० मिलिमीटर, म्हणजे पन्नास इंचांहून कांहीं अधिक पाऊस पडतो. दख्खनच्या पठारावरील कित्येक तालुक्यांस याच्या निम्माहि मिळत नाहीं. मग इतक्या पावसाच्या मुलुखांत हजारों तलाव बांधण्याची आवश्यकता कां पडावी?

याचें उत्तर धानाच्या स्वभावांत आणि जमिनीच्या स्वभावांत आहे. हा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत पडून जातो. धान मात्र पोटरींत येतें आणि दाणा भरतें तें पाऊस ओसरतांना. त्या पंधरा-वीस दिवसांत एक-दोन पाणी मिळालें तर कोठार भरतें. न मिळालें तर हिरवेंगार दिसणारें शेत पोंचट लोंब्या देऊन मोकळें होतें. आतां जमीन पाहावी. येथें भूपृष्ठाखालीं जुना, कठीण, स्फटिकमय खडक आहे. त्यांत पाणी झिरपून फार सांठत नाहीं. डोंगर ठेंगणे, उतार सौम्य. पावसाचें पाणी ओढ्यांवाटे वैनगंगेस मिळतें आणि निघून जातें. अर्थात् जें पाणी श्रावणांत नको इतकें असतें, तेंच आश्विनांत हवें असतें. श्रावणाचें पाणी आश्विनापर्यंत धरून ठेवणें, एवढेंच या तलावांचें काम. गोष्ट सांगावयास सोपी आहे; करावयास पिढ्या लागल्या.

हें काम मुख्यतः कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनीं केलें. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां तेथून परत येतांना त्यानें हे लोक आपल्याबरोबर आणिले, अशी दंतकथा त्यांच्यांत आहे. दंतकथेंत इतिहास किती, हें कोणीं सांगावें! परंतु कोहळ्यांची दोन गोष्टींतील निपुणता निर्विवाद आहे. एक उंसाची लागवड आणि दुसरी तलावाची जागा हेरणें. गोंड राजांच्या अमलांत जंगल तोडून गांव वसविणारास व तलाव बांधणारास जमिनीचे हक्क मिळत. म्हणून प्रत्येक होतकरू पाटलाची महत्त्वाकांक्षा तलाव बांधण्याची असे. नांव मागें ठेवण्याचा तोच मार्ग होता.

लाखनीहून साकोलीकडे जातांना या विद्येचे नमुने ठिकठिकाणीं दिसतात. प्रवाशानें एखाद्या तलावाशीं थांबून त्याची रचना नीट पाहावी. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडींत, अगर उताराच्या आडव्या अंगास, मातीची पाळ घातलेली असते. पाळ सरळ रेषेंत क्वचितच असते. ती जमिनीचा उंचसखलपणा पाहून वळत जाते, कारण थोड्या मातींत पुष्कळ पाणी अडविणें हा तिचा हेतु. पाळीच्या एका टोंकास, कठीण जमिनीवर, जादा पाणी वाहून जाण्यासाठीं सांडवा असतो. तो नसेल तर पाळ फुटलीच म्हणून समजावें. पाणी सोडण्याच्या तोंडाशीं दगडी बांधणी असून तेथून पाट निघतात. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून गेलेलें पाणी वाया जात नाहीं. तें खालच्या तलावांत शिरतें, त्याच्यांतून निघालें तर त्याच्याहि खालच्या तलावांत. अशा रीतीनें एकाच ओढ्यावर तलावांची माळ ओंवलेली असते. शेतांच्या मधोमध जीं लहान डबकींवजा तळीं दिसतात, त्यांस 'बोडी' म्हणतात. तलाव गांवाचा, तर बोडी बहुधा एका-दोघां शेतकऱ्यांची. मोठ्या तलावाचें पाणी जेथें पोंचत नाहीं, तेथें बोडी उपयोगी पडते. आधुनिक अभियंत्याच्या हातीं सूक्ष्म उपकरणें असतात. या पाटलांपाशीं पावसाळ्यांत वाहतें पाणी पाहून उतार ओळखणारी दृष्टि होती, आणि ती पुष्कळदां तितकीच अचूक ठरली.

साकोली भंडाऱ्याहून सुमारें चाळीस किलोमीटर आहे. या तालुक्यांतील शिवणीबांधाचा तलाव जुन्या मोठ्या तलावांपैकीं एक. त्याचा घेर सात मैलांहून अधिक असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. गांवांच्या नांवांकडेहि लक्ष द्यावें. शिवणीबांध, नवेगांवबांध या नांवांतील 'बांध' हा शब्द म्हणजे त्या गांवाच्या जन्माचा दाखलाच होय. आधीं बांध झाला, मग गांव भरभराटलें. साकोलीच्या उत्तरेस नागझिऱ्याचें अभयारण्य आहे. तें १९७० मध्यें घोषित झालें, आणि २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा हा राज्यांतील पांचवा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वांत आला. ज्यास केवळ वाघ पाहण्याची हौस असेल तो तिकडे वळेल. तलावांच्या यात्रेकरूनें सौंदडाजवळ चुलबंद नदी ओलांडून कोहमाऱ्यास यावें आणि उजव्या हातास, दक्षिणेकडे, वळावें.

येथून हमरस्त्याचा गलबला संपतो. साग, ऐन, मोह, तेंदू यांचें रान जवळ येतें. मार्च-एप्रिलमध्यें पहांटेच्या वेळीं मोहाच्या फुलांचा गोडसर वास दरवळत असतो आणि झाडाखालीं टोपल्या घेऊन बसलेलीं कुटुंबें दिसतात. रान विरळ झालें कीं नवेगांवबांध येतें, आणि गांवापासून थोड्या अंतरावर, टेकड्यांच्या कोंदणांत, तो विस्तीर्ण जलाशय एकदम नजरेस पडतो.

नवेगांवचा तलाव हा या सर्व तलावांचा मुकुटमणि. जुन्या गॅझेटियरांत त्याचें क्षेत्र पांच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल दिला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी नांवाच्या पुरुषानें तो बांधला. टेकड्यांमधील खिंडी पाळींनीं बंद करून त्यानें सबंध खोरेंच पाण्याखालीं आणिलें. भोंवतालच्या सात शिखरांस 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालतांना त्या सात बहिणींनीं कोलू पाटलास साहाय्य केलें, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढें लोकांनीं खुद्द पाटलासच देव केलें. 'कोलासूर देव' या नांवानें एका शिखरावर त्याचें ठाणें आहे. जगांत राजांचे आणि सेनापतींचे पुतळे पुष्कळ आहेत. परंतु तलाव बांधला म्हणून एका शेतकऱ्यास देवत्व दिल्याचें उदाहरण विरळाच. ज्या लोकांनीं हा देव मानला, त्यांस उपकार कशास म्हणावें हें बरोबर समजलें होतें.

हिंवाळ्यांत या तलावावर उत्तरेकडून पाहुणे येतात. बदकांच्या अनेक जाती, पट्टकादंब हंस आणि इतर पाणपक्षी येथें उतरतात. पट्टकादंब हा मध्य आशियांतील उंच पठारांवर अंडीं घालणारा पक्षी. हिमालय ओलांडून तो दक्षिणेस येतो. १९७५ मध्यें येथील सुमारें १३४ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालें. त्यासाठीं नवेगांवचे माधवराव पाटील डोंगरवार यांनीं झटून खटपट केली. वनाधिकारी म्हणून येथें राहिलेले मारुती चितमपल्ली यांनीं 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकानें हा तलाव मराठी वाचकांच्या घरोघर पोंचविला. २०२५ मध्यें चितमपल्ली निवर्तले. पण पाळीवर उभा राहून पांखरांकडे पाहणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसाच्या मनांत त्यांची आठवण येतेच.

पांखरांची गोष्ट निघाली म्हणून सारसाचा उल्लेख करावयास हवा. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा क्रौंचकुळांतील पक्षी. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ मनुष्याएवढा उंच असतो. महाराष्ट्रांत त्याची वस्ती मुख्यतः गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांपुरतीच उरली आहे. उथळ तलाव आणि धानाच्या बांध्या हींच त्याचीं घरें. तो शेतांतच गवताचें मोठें घरटें करतो, आणि शेतकऱ्यानें तें राखलें तरच पिल्लें जगतात. शेतांत फवारलेलीं विषें आणि विजेच्या तारा हे त्याचे दोन मोठे शत्रु. २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें स्वतः होऊन या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न हातीं घेतला. सारस जेथें आहे तेथें तलाव व शेत यांचा संसार नीट चालला आहे, असें समजावयास हरकत नाहीं.

परंतु सर्वत्र तो नीट चाललेला नाहीं, आणि प्रवाशानें केवळ शोभा पाहून परतूं नये, तीहि बाजू पाहावी. इंग्रजी अमलांत गांवचे वसुलदार मालगुजार म्हणून मालक ठरले, आणि तलाव त्यांच्या नांवें झाले. तरीहि गांवकऱ्यांचे निस्ताराचे हक्क, म्हणजे पाणी, चराई, मासळी, माती यांविषयींच्या वहिवाटी, 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या गांवदप्तरांत लिहिलेल्या असत. दर उन्हाळ्यांत गांवकऱ्यांनीं गाळ उपसावा, पाळीवर माती टाकावी, पाट साफ करावे आणि पावसाळ्यानंतर पाणी वांटून घ्यावें, असा शिरस्ता होता. भंडारा तेव्हां मध्य प्रदेशांत होता. तेथील १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारचे झाले. कुळांवरील मालगुजारांचा जुलूम गेला, हें उत्तमच झालें. पण तलावाबरोबर तलावाची काळजीहि सरकारकडे गेली, अशी समजूत गांवांत झाली. पाणी निस्ताराचें, मग त्यावर पट्टी कां द्यावी, असा वाद उद्भवला. सरकारी खात्यास शेंकडों लहान तलाव म्हणजे केवळ नोंदवहींतील आंकडे. गांवास वाटे, मालक आतां दुसराच आहे. दोघांच्या मध्यें गाळ मात्र नियमानें सांचत राहिला. पूर्व विदर्भांत असे जवळजवळ सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांस थोडक्यांत 'मामा तलाव' म्हणतात. नांव आपुलकीचें आहे; वागणूक मात्र बहुत ठिकाणीं सावत्रपणाची झाली.

या हेळसांडीचा पहिला फटका ढिवर समाजास बसला. मासेमारी हें त्यांचें परंपरागत जीवन. पूर्वीं तलावांत मरळीसारखे देशी मासे, कमळ, शिंगाडा आणि आपोआप उगवणारें देवधान असे. पुढें रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडण्याचा प्रघात पडला. कोठें कोठें पाणवनस्पति फस्त करणारा ग्रास कार्पहि आला. वनस्पति गेल्या, तशीं देशी माशांचीं अंडीं घालण्याचीं ठिकाणें गेलीं, आणि पक्ष्यांचें खाद्यहि गेलें. रिकाम्या जागीं बेशरमाच्या झुडुपांनीं कांठ व्यापले. या निराशेंत एक चांगली गोष्ट घडली. अर्जुनी मोरगांवच्या बाजूस भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेनें मनीष राजनकर यांच्या पुढाकारानें ढिवर मंडळींना हातीं धरून तलाव पुन्हा जिवंत करण्याचें काम आरंभिलें. उन्हाळ्यांत बेशरम मुळासकट उपटावा, तलावाचा उघडा पडलेला तळ नांगरावा, त्यांत देशी पाणवनस्पति लावाव्या आणि मग देशी मासे सोडावे, असा त्यांचा क्रम. या कामांत ढिवर स्त्रिया अग्रभागीं आहेत. कोणत्या माशास कोणती वनस्पति हवी, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. जाळें टाकणाऱ्या वृद्धांच्या तोंडीं होतें, तें वेळींच विचारून घेतलें गेलें. २०१७ मध्यें राज्य सरकारनेंहि धरणांतील व तलावांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजना सुरू केली. गाळ हा तलावास रोग, पण शेतास औषध आहे, हें जुन्या कोहळी शेतकऱ्यास सांगावें लागत नसे.

अर्जुनी मोरगांव सोडल्यावर प्रतापगडाचा डोंगर दिसूं लागतो. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते, आणि याच ठिकाणीं मुसलमानांचा दर्गाहि आहे. दोन्ही समाजांचे लोक एकाच वाटेनें चढतात. जवळच गोठणगांवच्या परिसरांत तिबेटी निर्वासितांची 'नोर्गेलिंग' ही वसाहत आहे. ती १९७२ मध्यें वसविण्यांत आली. हिमप्रदेशांतून आलेल्या या लोकांनीं विदर्भाच्या उन्हाशीं व धानाच्या शेतीशीं जुळवून घेतलें. थंडींत ते शहरोशहरीं लोंकरीचे कपडे विकावयास जातात. धानाच्या बांधीशेजारीं फडकणाऱ्या त्यांच्या प्रार्थनापताका पाहून प्रवाशास क्षणभर आपण कोठें आहों, असा भ्रम पडतो. याच भागांत गाढवी नदीवर इटियाडोहाचें धरण आहे. तलावांची जुनी विद्या व धरणांची नवी विद्या यांतील भेद येथें स्पष्ट दिसतो. धरणाचें पाणी कालव्यांनीं दूर लाखांदुराकडे जातें, व तें सोडण्याची वेळ कचेरींत ठरते. तलावाचें पाणी नजरेच्या टप्प्यांतच राहतें, आणि तें कधीं सोडावें हें पाळीवर बसून ठरवितां येतें.

लाखांदुराहून पवनीस येतांना रस्ता पुन्हा वैनगंगेच्या जवळ येतो. पवनी हें दोन हजार वर्षांहून जुनें नगर. एका बाजूस नदी आणि उरलेल्या अंगांस मातीचा प्रचंड तट व खंदक, अशी त्याची रचना आहे. १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांनीं येथें उत्खनन केलें. त्यांत मौर्यकाळाच्या आसपासच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी अक्षरें कोरलेले शिल्पखंड निघाले. तट बांधतांना, खंदक खणतांना व नदीचा उपयोग करतांना या प्रदेशांतील माणसाचा माती-पाण्याशीं किती प्राचीन परिचय होता, हें पवनीस उमगतें.

पवनीच्या वरच्या अंगास वैनगंगेवर गोसीखुर्दचें विशाल धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ मध्यें बसली. त्याच्या फुगवट्यानें कित्येक गांवें उठलीं. त्यांतील लोकांचे पुनर्वसनाचे लढे वर्षानुवर्षें चालले. याच फुगवट्याच्या वर, नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर, पांच नद्यांच्या संगमावरील आंभोरा हें क्षेत्र आहे. मुकुंदराजांनीं शके १११० मध्यें रचिलेला 'विवेकसिंधु' येथेंच लिहिला गेला, असें विदर्भांतील परंपरा मानते. तारांनीं तोललेला तेथील नवा पूल २०२४ मध्यें खुला झाला. त्यावरून पसरलेलें पाणी पाहण्यास आतां गर्दी होते. पाहणारानें त्या पाण्याखालीं कोणाचीं तरी शेतें होतीं, एवढें स्मरण ठेवावें.

अड्याळावरून भंडाऱ्यास परततांना दिवस मावळावयास येतो. रस्त्याच्या कडेस एखाद्या बोडींत म्हशी पोहत असतात, एखादा ढिवर जाळें आवरीत असतो, पाळीवरच्या आंब्याखालून बायका घागरी घेऊन जातात. हें दृश्य सुंदर आहे. पण तें आपोआप टिकणारें नाहीं. इंग्लंडचीं सरोवरें मनुष्यानें दुर्लक्षिलीं तरी पुष्कळ काळ राहतील, कारण तीं खडकांत कोरलेलीं आहेत. भंडाऱ्याचा तलाव मातीचा आहे. सांडवा बुजला तर तो एका पावसाळ्यांत फुटतो. गाळ न उपसला तर तो एका पिढींत उथळ होतो आणि पुढच्या पिढींत कोणाच्या तरी सात-बाराच्या उताऱ्यावर शेत म्हणून चढतो. कोलू पाटलानें बांध एकदां घातला. परंतु तो तीनशें वर्षें टिकला, तो नंतरच्या हजारों अनाम हातांनीं दर उन्हाळ्यांत त्यावर टोपलीभर माती टाकिली म्हणून. त्या टोपलीचा वारसा कोण चालवितो, यावरच या मुलुखाचें नांव पुढें सार्थ राहील कीं केवळ जुन्या विश्वकोशांत उरेल, हें ठरणार आहे.